आधी रस्ता झाडला

ती घटना आजही आठवली की माझा उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा ताठ होतो!

दुष्काळाचे दिवस. येरमाळ्याजवळच्या एका गावात पाण्याच्या टँकरनं वळणावर उभ्या माणसाला उडवलं. त्याचा पाय मोडला. आदल्याच दिवशी पाणीवाटपावरून त्याचं आणि ड्रायव्हरचं कडाक्याचं भांडण झालेलं. जखमीच्या भावानं फिर्याद दिली, 'गाडी मुद्दाम अंगावर घातली.' पंचनाम्यात टायर घासल्याची एकही काळी रेघ नाही, म्हणजे ब्रेक मारलाच नाही! खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं आणि ड्रायव्हर कोठडीत गेला. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात फौजदार, तपास माझ्याकडे.

"आईशप्पथ साहेब, म्या ब्रेक गच्च दाबला. स्टेअरिंग पार फिरवलं. पण गाडी वळलीच न्हाय!" कितीही दरडावा, जबाब हाच. आयुष्य तुरुंगात जाणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या वळणावरच्या हॉटेलवाल्यानं चहा ठेवता ठेवता हळूच सांगितलं, "साहेब, त्यो माणूस कण्हत पडला व्हता, आन् घरची मंडळी खराटे घिऊन आधी रस्ता झाडत व्हती."

पडल्या माणसाला उचलायच्या आधी रस्ता कोण झाडतं? चहा तसाच टाकून मी ठाण्यात आलो आणि जप्त केलेल्या टँकरखाली शिरलो. टायरच्या खाचांत ठेचलेले हुलग्याचे दाणे, मडगार्डला शेंगांची टरफलं! "सापडलं!" असा ओरडलो की ठाणे अंमलदार धावत बाहेर आला.

आमच्याकडे डांबरी रस्त्यावर पीक पसरायची रीत आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांखाली आपसूक मळणी होते. मी जखमीच्या भावाला बोलावलं.

"हुलगे कुणाचे रे?"

"कसले हुलगे? असल्या दुष्काळात काय पिकतंय साहेब?"

"बरं. चल माझ्यासंगं."

त्याच वळणावर मी बाजारातून आणलेले हुलगे पसरले. जखमी उभा होता तिथं रिकामा डबा ठेवला. जीप स्वतः हाणली, ब्रेक गच्च दाबला, स्टेअरिंग फिरवलं. चाकं जाम झाली आणि जीप सरळ घसरत जाऊन डब्यावर आदळली! मागं पाहिलं तर रेघ म्हणून नाही. डबा पुन्हा उभा करून परत आलो, या वेळी ब्रेक दाबत-सोडत. जीप वळली, डबा उभाच!

भाऊ हात जोडून पुढं आला. "आमचेच हुलगे साहेब. केस आमच्यावरच यील म्हून भ्यालो."

अहवाल कोर्टात गेला, ते कलम निघालं, ड्रायव्हर सुटला. माणसं खोटं बोलतात ती दरवेळी वैरानं नाही, पुष्कळदा नुसत्या भीतीनं, हे मी तिथं शिकलो.

निवृत्तीनंतर मुलाला शेजारी बसवून त्याची नवी गाडी त्याच रस्त्यावर चालवत होतो. डांबरावर सोयाबीन पसरलेलं आणि एक म्हातारी अचानक आडवी आली! मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरायला लागलं, मी घाबरलो.

"दादा, पाय उचलू नका!" मुलगा ओरडला. "एबीएस आहे, चाक जाम होणार नाही. दाबून धरा आणि वळवा!"

वळवलं. गाडी वळली! वेग बेताचा होता म्हणून पुढं थांबलीही. असल्या रस्त्यावर एबीएस असलं तरी वेग आधी कमी हवाच.

घरी येताच मी त्या ड्रायव्हरला फोन लावला. "अरे, म्हातारी आडवी आली, पण वळली की गाडी! त्याच रस्त्याला, दाण्यांवर!"

मला वाटलं, गाडी कुठली ते विचारेल. त्यानं विचारलं, "म्हातारीला लागलं न्हाय न्हवं, साहेब?"