दहा ते सहा, आतल्या खोलीत

घरून काम करणाऱ्या बाईला किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. ते दारात चप्पल काढून थेट आत येतात आणि विचारतात, "बिझी तर नाही ना?" मी मुळात कमी बोलते, त्यामुळे ते साचत जातात. लग्न होऊन यवतमाळला आले त्याला सहाच महिने झाले, पण भाषांतरांपेक्षा किस्सेच जास्त जमलेत!

*

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. औषधांची माहितीपत्रकं, बँकांचे फॉर्म, मोबाइलमधली अ‍ॅप्स. काम इंटरनेटवरून येतं आणि इंटरनेटवरूनच जातं. नेरला माझ्या माहेरी हे समजायला दोन वर्षं लागली होती. सासरी एवढा वेळ कोणाकडे!

लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू. एका काकूंनी सासूबाईंना विचारलं, "सून काय करते वं?"

"भाषांतर करते. घरूनच."

काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "लागन बाई तुले बी नोकरी. माह्या भाचीले बी उशिराच लागली."

तब्येतीची चौकशी करावी तसा सूर होता. वाणसुद्धा मला एक जास्त मिळालं!

*

हे सासऱ्यांनी मनावर घेतलं. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांचे मित्र गावंडे सर एक शाळा चालवतात.

"जूनपासून इंग्रजीची जागा निघून राह्यली. मी शब्द देऊन आलो," जेवताना बाबा म्हणाले. "तवर चालू दे तुझं ते टायपिंग."

मी मान हलवली. म्हणजे "ऐकलं" एवढ्यापुरती. सुनेने मान हलवली की घरात तो होकार धरतात, हे मला भात संपेपर्यंत कळलं. तोवर सासूबाईंनी शाळेत नेसायच्या साड्यांचे रंगही ठरवले होते.

मला शाळा नको होती. तीन वर्षं एकेक क्लायंट जोडत हे काम उभं केलं होतं. पुण्याची एक एजन्सी रोजचं बांधील काम द्यायच्या बोलण्यात होती. ते पक्कं झालं असतं तर मला सांगता तरी आलं असतं. पण त्यांचा निर्णयही जूनमध्ये होणार होता आणि आमच्याकडे शाळाही जूनमध्येच उघडते!

*

म्हटलं, आपण आधी यशस्वी होऊ, मग बोलू. म्हणून 'यशस्वी फ्रीलान्सर कसे व्हाल' असा एक वेबिनार लावला. टाय घातलेले एक सर सांगत होते, "घरात स्वतःचा कोपरा ठरवा. त्या कोपऱ्याचा मान राखायला घरच्यांना शिकवा."

माझ्या कोपऱ्यात त्या आठवड्यात सरगुंडे, म्हणजे काडीवर वळलेल्या कणकेच्या नळ्या, वाळत होते. खाटेवर, खुर्चीवर आणि एक ताट प्रिंटरवर. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. "स्नेहल, गच्चीवरचे पापड पालटतेस का वं?"

"हो आई, आले!"

पापड पालटून परत आले तर सर त्या दिवसाचा धडा संपवत होते. धडा होता, 'नाही' म्हणायला शिका.

*

कॉलनीत आपल्याला इंग्रजी येतं ही बातमी पसरली की माणूस सार्वजनिक होतो. एक ओळखीचे भाऊ बायोडाटा घेऊन आले. "वहिनी, इंग्रजीत करून द्या. तुमच्यासाठी तर दोन मिनिटांचं काम."

मराठीत लिहिलं होतं, 'बी. कॉम., दुसरे वर्ष.'

"इंग्रजीत करताना ते पूर्ण करून टाका ना," भाऊ म्हणाले. "नाहीतरी करूनच राह्यल्या!"

"भाऊ, मी भाषांतर करते. पदवी नाही देत."

जाताना भाऊ फाटकापाशी सासूबाईंना हळूच सांगून गेले, "वहिनीले इंग्रजी तेवढं जमत नाही वाटते."

*

कापसावरच्या फवारणीच्या औषधाचं सुरक्षापत्रक आलं होतं. शेतकऱ्याला समजेल अशी मराठी हवी, अशी एजन्सीची ताकीद. कापूस पिकवणारे राठोडकाका तांड्यावरून आमच्याकडे तुरीची डाळ घेऊन आले होते. म्हटलं, यांनाच वाचून दाखवावं.

"फवारणी झाल्यावर कपडे स्वतंत्र खोलीत बदलावेत आणि वेगळ्या वॉशिंग मशीनमध्ये धुवावेत."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "समजलं ना, ताई. लई साफ लिवलं. फक्त येवढं इचारा, ते खोली अन् मशीन डब्यासंगच भेटते का मांगून पाठवतात?"

मी खरंच एजन्सीला मेल केला, 'शेतकऱ्याकडे मशीन नसल्यास काय करावे?' तासाभरात उत्तर आलं, 'मूळ मजकुरात नाही. कृपया भर घालू नये.'

*

मे महिन्यात एक दिवस बाबा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"तुझे साहेब कोण?"

"कोणी नाही, बाबा."

"मग रजेचा अर्ज कोणाले देतेस?"

"कोणालाच नाही."

बाबांचा चेहरा उतरला. बिनसाहेबाचं काम त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून एक लांब वही घेऊन आले, रेघा मारल्या आणि मस्टर तयार केलं! दहाला सही. दहा वाजून दहा मिनिटं झाली की लेट मार्क. एरवी मला 'तू' म्हणणारे बाबा दहा ते सहा 'तुम्ही' म्हणायला लागले.

मला दोन दिवस नेरला आईकडे जायचं होतं. नवरा म्हणाला, "अर्ज टाक बापा, नाहीतर बिनपगारी धरतील तुले." आणि खाटेवर लोळून हसला. मी अर्ज टाकला.

संध्याकाळी अर्ज परत आला. लाल शाईत शेरा, 'कामाचा व्याप पाहता नामंजूर.'

ज्या कामाला ते महिनोन् महिने टायपिंग म्हणत होते, त्याच कामाच्या व्यापामुळे!

*

जून लागला. गावंडे सर माझे कागद न्यायला येणार त्याच दिवशी अकरा वाजता पुण्याची मीटिंग ठरली. सकाळी बाबांना चहा देताना मी सहा महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य बोलले.

"बाबा, मला शाळा नको, आज अकराची मीटिंग नीट झाली तर माझं हेच काम पक्कं होईल."

बाबांनी चहा संपवला. कपबशी स्वतः आत नेऊन ठेवली.

अकराला मी दार लोटून लॅपटॉपसमोर बसले. सव्वाअकराला बाहेर स्कूटर थांबली.

"सूनबाईले बोलवा जी. दोन सह्यांचं काम आहे," गावंडे सरांचा आवाज.

"मीटिंग सुरू आहे," बाबांचा.

"किती वेळ?"

"सांगता येत नाही. बसा."

चहा गेला. पाणी गेलं. पंखा एकवर फिरत होता, तो दोनवर करा असं सर दोनदा म्हणाले. इकडे पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "मग सोमवारपासून सुरू करूया?" मी मान हलवली. मग आठवण झाली आणि तोंडानेही "हो" म्हटलं.

साडेबाराला मी दारापर्यंत आले. बाबांनी मला पाहिलं. हातानेच खूण केली, आत जा.

"झाली वाटते मीटिंग," सर उठत म्हणाले.

"झाली. पण आता लंच आहे."

"अरे भाऊ, जागा तूच मांगितली होती ना! मी कायले आलो मग इथं?"

"तुमचं बरोबर आहे," बाबा अगदी शांतपणे म्हणाले. "उद्या या. अन् येताना एक झेरॉक्स आणजा."

"कशाची?"

"ते उद्या सांगू."