मारबतीपर्यंत थांब

आमचे घरमालक नानाजी हसले, की आमच्या महाल वस्तीतली कबुतरं उडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याला जाऊन बसत आणि खात्री पटल्याशिवाय परत येत नसत. इतका सुखी माणूस मी पाहिला नाही. जवळपास राहणाऱ्यांना त्या सुखाचा फार त्रास होई.

मी नव्याने नोकरीला लागलो होतो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. नानाजींचं म्हणणं असं, की आनंद हा रोज करायचा धंदा आहे, दात घासण्यासारखा. म्हणून ते सकाळी अंघोळ करताना पाण्याची तोंडभर स्तुती करत, जणू ते पाणी त्यांनीच जन्माला घातलंय. संत्र्याच्या एका फोडीला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात दुसऱ्याचं लग्न लागून पंगत उठली असती. फोड तोंडात असताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. "सुख चालू हाय गा," ते डोळे मिटूनच सांगत, "मधात नको बोलू."

आता तक्रारींचं काय? त्यावर त्यांनी जालीम तोड काढली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ पुतळे मिरवायचे, वर्षभराची पीडा त्यांच्या डोक्यावर घालायची, "घेऊन जाय गे मारबत" म्हणून ओरडायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. नानाजींचा हिशेब सरळ होता: पीडा न्यायला एवढी सोय असताना बाकीचे दिवस तिचं तोंड काहून पाहायचं?

माझ्या खोलीचं छप्पर गळायचं. गळायचं म्हणजे, पलंगाखाली बेडकांची नातवंडं खेळायला लागली होती. मी सांगायला गेलो. नानाजींनी माझ्या हातावर संत्रं ठेवलं. "मारबतीपर्यंत थांब," ते म्हणाले. "त्या दिवशी जोरात ओरड. मोकळा होशील."

मी भाडेकरू, थांबलो. पण नानाजींची बायको, नानीही थांबत होती. गल्लीतला नळ दोन वळणं पलीकडे. ऐन उन्हाळ्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरी यायचं तेव्हा, तिचे गुडघे गेले. डोक्यावर पाण्याने भरलेला पितळी गुंड घेऊन ती दारात उभी राहिली.

"अवो, माहे गुडघे लय दुखून राहिले. मले आता पाणी आणणं होत नाही."

"मारबतीपर्यंत थांब वं."

"तवरिक काय पाय डोक्यावर घेऊन चालू?"

नानाजी मनापासून हसले. बायको विनोदी आहे याचा त्यांना मोठा आनंद होता.

आषाढात नानीने लोखंडी ट्रंक भरली आणि ओसरीवर आणून ठेवली. "पोळा झाला की भिवापूरले भावाकडे जाईन," ती म्हणाली. "कायमची." नानाजींना बसायला छान उंच जागा मिळाली. तिथे बसून ते रस्त्यावरची गंमत पाहू लागले. मी म्हटलं, "नानाजी, त्या खरंच जाऊन राहिल्या." ते म्हणाले, "तू लय काळजी करतं गा. अशानं केस जातात."

त्या वर्षी गल्लीतल्या बायांनी स्वतःचा पुतळा केला. लाल गाल, भोपळ्याच्या बियांचे दात, या कानापासून त्या कानापर्यंत हसू. आणि दोन्ही कानांत कापसाचे एवढे बोळे, की त्यात एका घराच्या गाद्या भरून झाल्या असत्या. सगळी गल्ली ओळखून गप्प. नानाजींना मात्र पुतळा इतका आवडला, की पुढचा बांबू त्यांनी हट्टाने स्वतःच्या खांद्यावर घेतला.

मिरवणूक निघाली तशी नानी ओट्यावर आली आणि ओरडली, "कान असून बहिरा, घेऊन जाय गे मारबत."

सगळ्या बायांनी उचलून धरलं. नानाजींनी तर सगळ्यांच्या वर आवाज चढवला. दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. त्यांनी मान वळवून खांद्यावरच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं, मग ओट्याकडे.

मला वाटलं, बांबू टाकतील. पण ते निमूट गावाबाहेरपर्यंत चालले. पुतळा पेटवायच्या आधी त्यांनी त्याच्या कानांतले बोळे उपसले आणि सदऱ्याच्या खिशात कोंबले. "कापूस कामाचा हाय," एवढंच म्हणाले.

घरी आले. नानी ट्रंकेला दोरी बांधत होती. ते सवयीने ट्रंकेवर टेकले, लगेच उठले आणि खाली जमिनीवर बसले.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"गुडघ्यापासून सांग."

नानी बोलायला लागली. गुडघ्यापासून निघाली ती लग्नातल्या रुसव्यापर्यंत मागे गेली. तीन चहा निवले. नानाजी एकदाही हसले नाहीत. कबुतरांना चुकल्यासारखं झालं असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतः गुंड खांद्यावर घेऊन नळाला निघाले, वाटभर नळाला, पाण्याला आणि महापालिकेला शिव्या देत. इतका दुःखी नानाजी मी प्रथमच पाहिला. खिडकीत उभी राहून नानी पदर तोंडात धरून हसत होती.

पुढे रोज संध्याकाळी ओसरीवर हाच कार्यक्रम. नानाजींचा चेहरा उतरत गेला आणि घर मात्र हसतंखेळतं झालं. माझं छप्परही त्यांनी मन लावून ऐकलं. दुरुस्त केलं नाहीच. पण ऐकताना तोंड असं पडायचं, की मीच त्यांना चहा पाजून धीर द्यायचो.

काही वर्षांनी एका संध्याकाळी, ओसरीवर ऐकता ऐकताच नानाजी गेले. भिवापूरचे भाऊ आले, गल्ली जमली. नानी एका जागी बसून होती. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "दूधवाल्याचं अर्धंच सांगून झालं होतं गा."