गोळीच्या वाटेनं येणारा माणूस

आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिला निपाणीत दिली होती. आमचे दाजी तिथल्या एका तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होते. वर्षभर कधी ताप, कधी जुलाब असं करत ते गेले तेव्हा लोकांना 'किडनी गेली' असं सांगण्यात आलं. खरं काय ते दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आक्काला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं आणि तिलाही रक्त तपासायला लावलं. तिचाही रिपोर्ट एचआयव्ही पॉझिटिव्ह आला.

निपाणीत औषध घ्यायचं म्हटलं की रांगेत ओळखीचं कोणीतरी भेटणारच. म्हणून मी तिला बेळगावजवळच्या कंग्राळीला माझ्या घरी आणलं. नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. सासूबाईंना मात्र 'रक्त कमी झालंय' एवढंच.

बेळगावच्या दवाखान्यात ती औषधं एका वेगळ्या खोलीत मिळायची. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं बसलेली, पण आवाज म्हणून नाही. बायकांनी पदर नाकापर्यंत ओढलेले. समोरच आमच्या गावातली एक बाई बसली होती, रोज पाण्याला भेटणारी. तिची नजर माझ्या तोंडावरून गेली आणि मागच्या भिंतीवर जाऊन थांबली, जणू मी मध्ये नव्हतेच. मीही तिला पाहिलं नाही.

आतल्या समुपदेशक बाई कानडी-मराठी मिसळून भराभर सांगत होत्या. रोज झोपताना एक गोळी. पोट रिकामं हवं, तेलकट-तुपकट खाऊन घ्यायची नाही. सुरुवातीला चक्कर येईल, स्वप्नं पडतील, घाबरायचं नाही. पण एक दिवससुद्धा चुकवायची नाही. आम्ही दोघींनी शेवटचं तेवढं घट्ट धरलं, बाकीचं कानावरून गेलं.

आक्का वाळून काडी झाली होती. मला वाटलं, एवढं जड औषध सोसायचं तर अंगात ताकद पाहिजे. मी तिला रात्रीच्या जेवणात तुपातला शिरा द्यायचे, वर सायीचं दूध. ते संपलं की गोळी पुढे करायचे.

चौथ्या दिवशी सकाळी ती पायरीवर लसूण सोलत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "तुजं दाजी आलतं."

"सपनात?"

"सपान कुठलं गं. ह्यो लसूण दिसतोय तसं दिसत हुतं. दाराजवळ हुबं ऱ्हायलं. माझ्याकडं बघितलं न्हाय. हात असा पुढं धरलेला, काट्यावर धरत्यात तसा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ते दारातून दोन पावलं आत आले होते. रोज सकाळी आक्का मला ते कुठवर आले ते सांगायची, वारा कुठून सुटलाय ते सांगावं तशा शांत आवाजात. उठली की भिंत धरून चालायची. कधी मधेच गप्प होऊन खोलीच्या एका जागेकडे बघत राहायची आणि त्या जागेला वळसा घालून पुढे जायची. दोन-चार दिवसांत मीही तिथून चालायची बंद झाले. माझी पोरं शाळेतून येऊन नेमकी तिथंच दप्तरं टाकायची, तेव्हा माझ्या अंगावर शहारा यायचा.

एकदा दुपारी मी शिवणाच्या कामावरून लवकर आले. दार उघडलं आणि तंबाखूचा वास आला, वखारीतला, कोंदट, नाकात झोंबणारा. आमच्या घरात कोणी तंबाखूला हात लावत नाही. आक्का आत बसली होती, चेहरा घामानं डबडबलेला. मला बघून तिनं नुसता हात उंच केला, थांब म्हणावं तसा. मी उंबऱ्यातच थांबले. थोड्या वेळानं वास नव्हता. तो तिच्या निपाणीच्या ट्रंकेतल्या लुगड्यांचा असेल, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे. पण त्या दिवशी ट्रंक बंद होती.

सासूबाईंपासून हे लपणं शक्यच नव्हतं. त्यांनी एका देवऋषीला आणलं. म्हातारा माणूस होता, बोलायला मऊ. त्यानं आक्काला समोर बसवून लिंबू उतरवलं, अंगारा लावला, आणि बराच वेळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "त्यो आपसूक येत न्हाय, बाई. कशाच्या तरी वाटेनं येतोय. ती वाट तुमालाच ठावं. ती बंद करा."

आक्का उठून आत गेली.

आठवडाभरात दाजी यायचे थांबले. आधी दारापर्यंत मागे गेले, मग अंगणात, मग दिसेनासेच झाले. आक्का भिंत न धरता चालू लागली, पोरींच्या वेण्या घालू लागली. सासूबाईंनी नारळ फोडला. मीही मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला हात जोडले. दर महिन्याला दवाखान्यात आम्ही गोळ्यांची बाटली दाखवायचो. बाई उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि हिशेब अगदी बरोबर निघायचा.

चौथ्या महिन्यात तिला ताप यायला लागला. मग खोकला. वजन उतरत चाललं. मला वाटलं, औषध लागू पडत नाही.

एका रविवारी मी मागच्या परसातली मोगऱ्याची कुंडी बदलायला घेतली. माती उकरली तर बोटांना मऊ, गिळगिळीत काहीतरी लागलं. वर काढलं. पांढुरकी, फुगून मेणासारखी झालेली गोळी. तिच्याखाली आणखी एक. मग आणखी. बारीक पांढरी मुळं त्यांच्या मधून वाढत गेली होती. मी उकरत गेले आणि त्या निघतच राहिल्या. हात धुतले तरी तो ओलसर स्पर्श दिवसभर बोटांवर राहिला.

मी आक्कापुढे जाऊन उभी राहिले. माझ्या हातातली माती तिला दिसली.

"तीच वाट हुती," ती म्हणाली. "गोळी घेतली की येत हुतं. बंद केली, आलं न्हाईत. तूच बघितलंस की."

"मरशील गं तू!"

"त्येंच्यासंगं जाण्यापेक्षा तसं परवाडलं."

दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी झाला होता. शरीराची ताकदच संपली होती, त्यामुळे त्याला आयतं रान मिळालं होतं. तिला ॲडमिट केलं. समुपदेशक बाईंना मी कुंडीचं सांगितलं, तेव्हा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढून आक्काच्या कॉटशेजारी घेतली आणि या खेपेला सावकाश बोलल्या.

"ते तुमचे यजमान नव्हते, आक्का. त्या गोळीतलं एक औषध डोक्यात जातं. बऱ्याच जणांना तसली स्वप्नं पडतात, जागेपणी भास होतात. थोड्या दिवसांनी कमी होतात. तुपाचं खाऊन घेतली की जास्ती चढते." मग माझ्याकडे वळून, "काय देत होता जेवायला?"

मी शिऱ्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर हलकेच थाप मारली. ते सगळे दिवस माझ्याच हातानं मी त्या माणसाला घरात घेत होते, असं मला वाटलं, आणि अजूनही शिरा ढवळताना कधीकधी वाटतं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. गोळी मधेच सोडली की आत दबलेला विषाणू डोकं वर काढतो, आणि पुढे तो त्याच औषधाला जुमानेल याचा भरवसा राहत नाही. आमचं नशीब, तेव्हा नवी गोळी आली होती. तिच्यानं असले भास सहसा होत नाहीत. आधी टीबीची औषधं सुरू झाली, दोन आठवड्यांनी नवी गोळी. टीबी संपेपर्यंत तिच्यातलं एक औषध दिवसातून दोनदा.

हे सगळं ऐकून आक्काला हायसं वाटेल, अशी माझी समजूत. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"म्हंजे ते आलंच न्हाईत व्हय?" तिनं विचारलं. "मी रोज त्येस्नी एकच इच्यारत हुते. तुमाला आजाराचं आदीपास्नं ठावं हुतं का, म्हणून. आज सांगतील, उद्या सांगतील, असं वाटायचं. मग न्ह्यायलाच आल्यात असं भ्या वाटलं, म्हणून वाट बंद केली."

ती वाचली. टीबीच्या औषधांनी लघवी लाल व्हायची, पोट ढवळायचं, पण एकही गोळी चुकवली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पेन्शनच्या कागदांसाठी आम्ही दोघी निपाणीला गेलो. वखारीच्या मालकानं दाजींची पत्र्याची पेटी तशीच ठेवली होती. भर दुपारी, तंबाखूच्या पोत्यांमध्ये बसून आक्कानं ती उघडली. चष्मा, कंगवा, जुन्या पावत्या. तळाशी फडक्यात गुंडाळलेली पांढरी प्लास्टिकची बाटली. आम्ही दोघींनीही ती बघताक्षणी ओळखली. वरच्या चिठ्ठीवर सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका दवाखान्याचा शिक्का होता.

आक्कानं गोळ्या पदरात ओतून मोजल्या. सव्वीस होत्या. तीसमधल्या चार गेल्या होत्या.

"जायच्या आदल्या वर्साला," ती हळू बोलू लागली, "तीन-चार दिस ते झोपंत वरडत उठायचं. घामानं भिजलेलं. मी इच्यारलं तर म्हणाले, उकडतंय. मग म्हणाले, आता बरं वाटतंय."

वखारीत हमाल पोती उचलत होते. बाहेर लख्ख ऊन होतं. दाजींना ठाऊक होतं, याचा राग मला आधी यायला हवा होता. पण मी विचार करत होते की त्यांच्या दारात कोण येऊन उभं राहिलं असेल.

आक्काला राग आला, पण तो पुष्कळ दिवसांनी. निपाणीच्या घरी परत राहायला गेल्यावर तिनं त्यांचा फोटो भिंतीवरून काढला आणि दोन महिन्यांनी परत लावला. आता ती तिथंच राहते, घरी शिलाईचं मशीन टाकलंय. शेजारणीला आणि माझ्या सासूबाईंना तिनं आपण होऊन आजाराचं नाव सांगितलं. सासूबाईंनी दोन दिवसांनी तिच्यासाठी लोणच्याची बरणी पाठवली. रक्तात विषाणू सापडत नाही, इतका तो कमी झालाय, असा रिपोर्ट येऊन आता बरीच वर्षं झाली. तरी गोळी जन्मभर घ्यायची आहे.

मागच्या महिन्यात मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. बाकावर एक तरुण बाई एकटीच बसली होती, हातात नवी बाटली. आक्का सरळ तिच्याजवळ जाऊन टेकली.

"पैल्यांदा आलीस व्हय?" तिनं मोठ्यानं विचारलं. साऱ्या रांगेनं वळून बघितलं.

बाईनं पदर पुढं ओढला. आक्कानं चप्पल काढली, पाय वर घेतले आणि आपली गोष्ट पहिल्या गोळीपासून सांगायला सुरुवात केली.