माझ्या हातानं लिहिलेला अर्ज

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वैरागच्या शाळेत शिकले आणि सोलापूरच्या कॉलेजात बी.ए. झाले. मला शिकवणारे, वेळेला पुस्तकं देणारे, वडिलांना धीर देणारे अशा कितीतरी लोकांचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते मी कधी विसरणार नाही. पण कुणी माझ्या पदवीचं कौतुक करायला लागलं की मी विषय बदलते. हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत एक मैत्रीण होती. ती माझ्याहून हुशार होती आणि ती पदवीधर झाली नाही. त्यात माझाही वाटा आहे.

ती सांगोला तालुक्यातल्या एका वाडीची, मेंढपाळाची मुलगी. दिवाळी झाली की घरचे लोक मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. लहानपणी तीही बरोबर असायची. मुक्काम पडेल त्या गावच्या शाळेत बसायचं, मुक्काम हलला की शाळाही बदलायची. ती मला चिडवायची, "तुझी एकच शाळा. माझ्या सात. माझ्याकडं दाखलेच तुझ्या सर्टिफिकिटांपेक्षा जास्त हायत."

या दाखल्यांमागं एक गोष्ट होती, ती तिनंच सांगितली होती. एका वर्षी घाईत शाळेतून दाखला घ्यायचा राहून गेला. पुढच्या गावातल्या गुरुजींनी तिला वर्गात बसू दिलं, पण हजेरीत नाव काही घेतलं नाही. तिचं ते वर्ष वाया गेलं. तेव्हापासून तिच्या वडिलांनी, आबांनी, एक नेम धरला. मुक्काम हलवायचा ठरला की आधी शाळेत जाऊन दाखला घ्यायचा आणि मगच सामान आवरायचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. ती दहावीला तालुक्यात पहिल्या काहींत आली, त्याचं श्रेय ती या नेमाला द्यायची.

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. मार्चमध्ये रोगाची साथ पसरायला लागली आणि एका दुपारी नोटीस लागली, की दोन दिवसांत हॉस्टेल रिकामं करा, सगळं सामान न्या. पंधरा दिवसांत परत येऊ असं कुणी म्हणत होतं, तर कुणी म्हणत होतं आता जूनलाच. मुली रडत नव्हत्या, उलट परीक्षा पुढं गेली म्हणून हसत होत्या. काही देणं बाकी नाही म्हणून लायब्ररीच्या आणि हॉस्टेलच्या सह्या घ्यायला रांग लागली. आम्हीही घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. मेंढरं भावावर सोपवून, मिळेल त्या गाडीनं. तोंडाला उपरणं बांधलेलं. सामान बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, दाखला घेतला का? ती म्हणाली, कॉलेज बंद होतंय फक्त, दाखल्याचं काय काम. आबांना ते पटेना. शाळेला कुलूप लागल्यावर मास्तर कुठं शोधायचा, असं त्यांचं म्हणणं. मागं एकदा पोरीचं वर्ष गेलं होतं आणि ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. मग ते माझ्याकडं वळले.

"तू सांग बाई. कागद आपल्यापाशी असल्याला बरा का न्हाय?"

मी म्हणाले, बरा.

मला खरंच तसं वाटलं. आमच्या घरी कागद म्हणजे जपायची वस्तू. तो जवळ असला की माणूस निर्धास्त. कॉलेजचा दाखला काढला म्हणजे कॉलेज सोडलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मी लिहिला. कारणाच्या ठिकाणी लिहिलं, 'पालकांसोबत गावी जात असल्यामुळे'. आबांनी अंगठा उठवला, तिनं सही केली.

ऑफिसातले क्लार्क, भाऊसाहेब, घाईत होते. इतर वेळी त्यांनी चार दिवस लावले असते. पण उद्यापासून ऑफिस बंद आणि सह्या तर तयारच. त्यांनी एकदाच विचारलं, नक्की काढायचा ना? आबा म्हणाले, व्हय साहेब, लांबनं आलोय. भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मीही मान हलवली. अर्ध्या तासात दाखला हातात आला. आबांनी तो पिशवीत ठेवला आणि मला म्हणाले, तूही घे की. माझी वैरागची गाडी लागली होती. ती चुकली तर दुसरी मिळेल की नाही कुणास ठाऊक, म्हणून मी पळाले. माझं नाव कॉलेजच्या यादीत राहिलं ते एवढ्यामुळंच. माझी त्यात काहीच हुशारी नव्हती.

पुढं परीक्षा झालीच नाही. आधीच्या सेमिस्टरवरून सगळ्यांना वर ढकललं. तिसरं सेमिस्टर तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. मोबाइलवर वर्ग सुरू झाले, त्यात तिचं नाव दिसेना. तिचा फोन लागत नव्हता. त्या उन्हाळ्यात गावोगावचे लोक मेंढपाळांना वेशीवरूनच परत पाठवत होते आणि हे सगळे माळावर राहत होते, हे मला नंतर कळलं. पावसाळ्यात ते वाडीवर परतले तेव्हा तिनं फोन केला. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म कधी भरायचा, असं विचारत होती.

कॉलेजचं ऑफिस उघडल्यावर ती सोलापूरला आली. आम्ही दोघी दाखला घेऊन भाऊसाहेबांपुढं उभ्या राहिलो. तो परत जमा करून घ्या, अशी विनंती केली. ते वाईट वागले नाहीत. रजिस्टर काढून त्यांनी ओळ दाखवली.

"ज्या दिवशी दाखला दिला, त्या दिवशी प्रवेश संपला. वर ढकलायला नाव यादीत पाहिजे ना, ताई."

प्राचार्य सरांनीही तेच सांगितलं. आता प्रवेशाची मुदत संपलीय, पुढच्या जूनला दुसऱ्या वर्षात नव्यानं प्रवेश घ्या म्हणाले. फाइलमध्ये माझा अर्ज होता. तो वाचून सर म्हणाले, कारण तर स्पष्ट लिहिलंय. बाहेर येऊन मी रडले. ती रडली नाही. आमच्या गाड्या वेगवेगळ्या होत्या. तिची आधी आली.

पुढचा जून आला तेव्हा कॉलेज परत बंद होतं आणि तिचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. वीसेक माणसांत लग्न झालं. मी जाऊ शकले नाही. त्याच उन्हाळ्यात मी घरात बसून, मोबाइलवर परीक्षा देऊन पदवीधर झाले.

नंतर बी.एड. केलं, एका शाळेत लागले. गेल्या दिवाळीत ती माहेरी आली आहे असं कळलं, तेव्हा ठरवलं, की जाऊन आबांची माफी मागायची. तिला फोनवर तसं बोलले. ती म्हणाली,

"ये. पर आबांना त्यातलं काय बी सांगू नगंस. त्यांना ठाव न्हाय."

तिनं घरी कधीच खरं सांगितलं नव्हतं. रोगामुळं कॉलेजच बंद पडलं, एवढंच सांगितलं होतं. आपल्या हट्टानं पोरीचं शिक्षण गेलं हे त्यांना कळलं तर ते जगायचे नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

मी गेले. आबा थकले होते. मेंढरं निम्म्यानं कमी केली होती, आता पुतण्या जातो म्हणाले. मला ओळखून त्यांना इतका आनंद झाला की मला खाली बघावं लागलं. शेजाऱ्याला बोलावून त्यांनी सांगितलं, हीच ती, हिनं अर्ज लिहिला म्हणून त्या दिवशी काम झालं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "रोगानं घात केला बघ. न्हायतर आमची बी तुज्यासारकीच मास्तरीण झाली असती. पर दाखला हाय. कवा बी बसता यील तिला, व्हय का न्हाय?"

तिची तीन वर्षांची मुलगी माझ्या पर्सची साखळी ओढत होती. माझी मैत्रीण चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

मी व्हय म्हणाले.