वाटीतला खारट पाऊस

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई फळ्यावर कधी ढग काढत नसत. घरून भांडीच उचलून आणायच्या. त्यांचे यजमान म्हणत, "आमच्या संसारातली अर्धी भांडी चौथीत शिकतात."

एका वर्षी त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. काहीही सांगा, ती विचारणार, "कशावरून?" पुढे तेच तिचं नाव पडलं. समुद्राच्या पाण्याची वाफ वर जाते, मीठ खालीच राहतं, असं बाईंनी सांगितलं.

"कशावरून?"

"उद्या चाखून बघ. खारट लागलं, तर माझं पुन्हा काही ऐकू नकोस."

बाईंनी काचेच्या मोठ्या भांड्यात मिठाचं पाणी ओतलं. मधोमध रिकामी वाटी ठेवली, वर प्लॅस्टिकचा कागद दोरीने बांधला आणि वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेवला. कागदाला लागलेली वाफ थेंब होऊन खड्यापाशी घरंगळणार आणि वाटीत पडणार. भांडं खिडकीत ठेवलं आणि नेमकं आभाळ भरून आलं.

तरी दुसऱ्या दिवशी वाटीत चांगलं चमचाभर पाणी! कशावरूनने बोट बुडवलं.

"बाई, खारट!"

बाईंनी चाखलं आणि त्यांचा चेहराच उतरला. तरी खडू घेऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं : 'पाणी खारट निघालं.'

दारात झाडलोट करणाऱ्या मावशी उभ्या होत्या. त्यांना ते बघवेना.

"बाई, ते मीच घातलं हो. सकाळी बघते तर वाटी ठणठणीत कोरडी. म्हटलं, पोरांसमोर तुमची फजिती नको."

"पण पाणी कुठलं घातलंत, मावशी?"

"त्याच भांड्यातलं की! बाहेरचं घालायला मी काय लबाड आहे?"

वर्ग हसून लोळला, बाईही हसल्या. कशावरून मात्र हसली नाही. तिने वाटी पुसून भांडं पुन्हा मांडायला लावलं आणि दोरीची गाठ स्वतः मारली, मावशींना सुटणार नाही अशी.

ऊन पडलं तेव्हा वाटीत जेमतेम बोट ओलं होईल एवढं पाणी जमलं. तिने ते चाखलं. बराच वेळ जीभ टाळूला लावून बसली.

"गोडं आहे."

बाई लगबगीने फळ्याकडे वळल्या.

"थांबा, बाई," ती म्हणाली. "एकदाच झालंय."

बाईंनी खडू खाली ठेवला आणि वाटी पुसायला घेतली.