खोडाळा रस्त्यावरची आजी

विद्यापीठाच्या क्रॉसकंट्री संघात निवड व्हावी म्हणून मी रोज सकाळी खोडाळा रस्त्यावर धावायचो. वळणावर एक आजी भाजीची पाटी घेऊन एसटीची वाट बघत बसलेली असायची. मला धापा टाकताना बघून हळहळायची, "आजपण गाडी चुकली काय रं?"

मी नुसता हसायचो. खेळाडूने खुलासे कशाला द्यायचे?

एकदा तिने एसटी थांबवली आणि दारात उभी राहून ड्रायव्हरला म्हणाली, "जरा दम धर, पोर कवाचं धावतंय." सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. मी निमूट चढलो. पाटी मांडीवर घेत तिने मला शेजारी बसवलं. "उद्या लवकर ऊठ," म्हणाली.

निवडीच्या शर्यतीत शेवटच्या चढावर सगळे पुढे निघून गेले, तेव्हा मी मागे वळून बघितलं. एसटी येतेय का म्हणून.