खड्ड्यातला साक्षीदार

सोनईच्या छबूबाईला गावात कुणी भली बाई म्हटलं नाही. जिथंतिथं प्रश्न विचारणारी बाई भली कशी असेल? ही खोड तिला लागली बहात्तरच्या दुष्काळात, माळावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं तेव्हा.

आठ बायकांची टोळी. आठवडाभर एक खड्डा खणायचा, माती पाट्यांनी बांधावर टाकायची, आणि शनिवारी टोळीला मिळेल ते सारखं वाटायचं. म्होरकी गोजरबाई. कामाला वाघीण आणि जिभेला विंचू. छबूबाईचा डावा हात लहानपणी मोडून वाकडाच जुळलेला, त्यामुळं तिची पाटी अंमळ उशिरा उचलली जायची.

शेजारच्या भागूबाईच्या टोळीला माणशी बारा रुपये आले. छबूबाईच्या टोळीला सहा. दुसऱ्या आठवड्यालाही सहाच.

"ह्या थोट्या हाताला पोसायला आमी खंदतोय व्हय?" गोजरबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "येत्या शनवारी परत सा आले, तर सोमवारपासनं तुजं तू बघ."

बाकीच्या खाली बघत राहिल्या. छबूबाईची सख्खी जाऊ साळूबाई, तीही.

टोळीतून काढलेल्या बाईला दुसरी टोळी घेत नसे. घरी नवरा गहिनीनाथ दम्यानं खाटेला खिळलेला. छबूबाईचे सहा रुपये, तीच घरातली चूल.

तिला लिहिता येत नव्हतं, पण खडे वेचता येत होते. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या आणि गोजरबाईच्या पाटीगणिक एकेक खडा पदराच्या दोन वेगळ्या गाठींत बांधला. संध्याकाळी सोडून बघितलं, तर हिच्या पाट्या पाचच कमी. पाच पाट्यांनी आठ जणींचे सहा-सहा रुपये बुडतील कसे?

तिनं मुकादम मच्छिंद्रला विचारलं.

"बायका हिशेब मागाया लागल्या," तो थुंकून म्हणाला, "आता आमी बांगड्या भराव्या का?"

शुक्रवारी सुमंत कारकून टेप घेऊन माप घ्यायला आला. छबूबाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"गप की गं," साळूबाईनं पदर ओढला. "चारचौघांत अडानीपना कशाला दावती?"

"अडानी हाय ते साऱ्या सोनईला ठावं हाय. झाकून काय मिळनार? सायेब, आमाला साच रुपये का?"

"बाई, मजुरी दिवसाची नसते, खणलेल्या मातीची असते. लांबी गुणिले रुंदी गुणिले…"

"हे गुनिले माज्या सात पिढ्यांत कुनी पायलं न्हाई. चुलीपुढं सांगत्यात तसं सांगा."

कारकून वैतागला. "अहो, खड्डा किती खोल गेला ते मी कशावरून लिहू? माळ उताराचा. आधी जमीन कुठवर होती त्याची खूण लागते. ते बघा!"

त्यानं भागूबाईच्या खड्ड्याकडं बोट केलं. मधोमध मातीचा एक खुंट न खणता ठेवलेला, डोक्यावर वाळकं गवत तसंच. छबूबाईला वाटलं होतं, त्या बायांनी म्हसोबा बसवलाय. येता-जाता दोनदा हातही जोडले होते तिनं.

"तो साक्षीदार. त्याची उंची तेवढी खड्ड्याची खोली. तुमच्यात तो नाही, म्हणून मी उताराकडच्या खालच्या काठाची खोली धरतो. निम्मी भरते."

छबूबाईनं मागं वळून बघितलं. त्यांच्या खड्ड्यातही मधे मातीचं ढिपाळ उरायचं. साहेब येणार म्हणून दर शुक्रवारी सकाळी गोजरबाई स्वतः ते छाटून खड्डा अंगणासारखा सपाट करायची. आजही केला होता. केर काढून ठेवावा तसे त्यांनी आपलेच पैसे झाडून टाकले होते.

मुकादमानं हे सांगितलं होतं म्हणे पहिल्या दिवशी, पण पुरुषांच्या टोळ्यांना, विडी ओढता ओढता. भागूबाईला ते नवऱ्याकडून कळलं होतं.

"मग सांगितलं का न्हाईस, सटवे?" गोजरबाई तिच्यावर धावली.

"इचारलं कुनी?" भागूबाई म्हणाली.

शनिवारी सहाच आले. गोजरबाई छबूबाईकडं न बघता म्हणाली, "बोलल्ये ते बोलल्ये."

सोमवारी छबूबाई उजाडायच्या आत माळावर पोचली. नव्या खड्ड्याच्या जागी मधोमध हातभर गवत राखून भोवती दगड मांडले, आणि आत उभी राहिली.

"सरक," गोजरबाईनं कुदळ उचलली.

"खंद की. ही जागा सोडून खंद. शनवारी बारा न्हाई आले, तर माजी मीच जाते."

साळूबाईनं पहिल्यांदा जावेची बाजू घेतली. "एक आठवडा बघू की वं, गोजराक्का."

कुदळ खाली आली ती छबूबाईच्या पायापासून वीतभर अंतरावर. पण दगडांच्या बाहेर.

त्या शनिवारी बारा आले. "घे, थोटे," म्हणत गोजरबाईनं नोटा तिच्या हातावर आपटल्या. छबूबाईनं त्या सगळ्यांदेखत मोठ्यानं मोजल्या. "बरुबर हायेत," म्हणाली. सोमवारी कुणी तिला जा म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही. ती आली आणि पाटी उचलली.

काम संपेपर्यंत दोघी एकमेकींशी नीट बोलल्या नाहीत. एकदा मात्र एक उपाशी शेळी साक्षीदाराच्या डोक्यावरचं गवत खायला चढली. तेव्हा गोजरबाईनं शिवी हासडून ढेकूळ भिरकावलं. छबूबाईवर नव्हे, शेळीवर. तेवढीच काय ती माफी.